गंगाफळ (लाल भोपळा) मोठ्यात मोठं करायचंय: वेल कसा वळवू, फळं किती ठेवू?

यावलचा_पंकज
राम राम मंडळी. पुढच्या श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, आमच्याकडे बसणार आहे. भाऊबंदकी धरून सत्तर-ऐंशी पानं उठतील. आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी एकच गंगाफळ कापलं की सगळ्या कुळाला भाजी पुरायची. मला तसंच एक करायचंय. विहिरीजवळ अर्धा गुंठा काळी जमीन आहे, ठिबक आहे. मागच्या वर्षी वेल मोकाट सोडला, तो बांध ओलांडून शेजारच्या कपाशीत घुसला. फळं नऊ, सगळ्यात मोठं सात किलो! शेंडा कधी खुडू? आणि परदेशातलं बी मागवू का?

तापीकाठ
नऊ फळं धरलीस तिथेच चुकलं. एका वेलावर एकच.

आधी वेळेचं. श्रावणात ताजं तोडायचं म्हणशील तर फळ मे-जूनच्या भट्टीत धरावं लागेल. त्या उन्हात वेल नुसती नरफुलं काढतो, मादी कळ्या पिवळ्या पडून गळतात. डिसेंबरअखेर आडोशाला रोपं कर, जानेवारीत लाव, मार्चच्या सुरुवातीला फळ धर. पिकलेलं गंगाफळ तीन महिने सहज टिकतं.

आता वेल. मुख्य वेल सरळ पळू दे. दोन्ही बाजूंच्या फांद्या माशाच्या काट्यासारख्या आडव्या काढ. फांदीला फुटलेली पोटफांदी दिसली की खूड, दया करू नको. आणि प्रत्येक पेरावर (पान फुटतं त्या गाठीवर) ओंजळभर माती टाकत जा. तिथे नवी मुळं फुटतात, वेल वाटेवरही जेवतो. आकार येतो तो ह्यानेच, खताच्या पोत्याने नाही.

बुडाजवळची मादीफुलं तोडून टाक. दहा-बारा फुटांवरचं धर, म्हणजे त्याच्यामागे भरपूर पानं असतात. संध्याकाळी कळीचं टोक पिवळं दिसलं की तिला दोरा बांध. सकाळी सातच्या आत ताज्या नरफुलाच्या पाकळ्या काढून आतला केसर मादीच्या तोंडावर चोळ आणि परत बांध. दहापर्यंत फूल मिटतं, मग उपयोग नाही. अशी दोन-तीन धर, आठ-दहा दिवसांनी जोरात वाढणारं ठेव, बाकीची भाजीला. फळाच्या पुढे वेल आठ-दहा फूट गेला की शेंडा खूड.

एक चूक मी केलीय. फळाच्या अलीकडच्या-पलीकडच्या पेरांवरही माती लावली होती. फळ फुगलं, वर उचललं गेलं, पण वेल मुळांनी जखडलेला. एका सकाळी पाहतो तर देठाला उभी चीर आणि त्यावर डिंकासारखे थेंब. बावीस दिवसांचं फळ गेलं. तेव्हा फळाच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन पेरं मोकळी ठेव.

पुणेरी_गच्ची
बियाण्याचं सांगतो. परदेशात स्पर्धेला लावतात तो ‘अटलांटिक जायंट’, कॅनडातल्या हॉवर्ड डिल यांनी निवडून तयार केलेला. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे 1247 किलोचा भोपळा तोलला गेला! मागवाच.

तापीकाठ
दादा, ती जातच वेगळी, थंड हवेतली. आमच्या उन्हात पानं टाकून बसेल. आणि ते फळ तोलायला असतं, खायला पाणचट. कानबाईला काय फोटो दाखवायचा? पंकज, गावातल्या सगळ्यात मोठ्या फळाचं बी शोध.

रावेरकर_केळी
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो: विहिरीजवळ केळी आहे का? असेल तर तिथे लावू नको. काकडीवर्गातल्या वेलांवरून मावा कीड सीएमव्ही (केळीला रोग लावणारा विषाणू) केळीत नेते. एका गंगाफळापायी बाग उपटायची वेळ येईल. बाकी फळमाशीला कामगंध सापळा (वासाने नर माश्या ओढून अडकवणारा) लाव, आणि पाणी रोज सारखं दे. दोन दिवस ताण देऊन एकदम सोडलंस की फळ तडकतं.

जिजी_शिरपूर
पोरा, येलवर एकच फळ ठेव, बाकीना तोडी टाक. हे आमची सासू सांगे. फळ हाताएवढं झालं की खाली वाळू पसर, वरून जुन्या लुगड्याची सावली कर. साल नखाने टोचली जात नाही आणि देठ वाळून लाकडासारखा झाला की तोड, वीतभर देठ राहू दे. देठाला धरून उचलशील तर तुटेल, मग ते टिकत नाही. हवेशीर खोलीत कडब्यावर ठेव, धुऊ नको, आठ दिवसांनी खालची बाजू हाताने चाचपून पाहा.

यावलचा_पंकज
रावेरकर भाऊ, केळी विहिरीपासून चाळीस फुटांवर आहे, बरं झालं विचारलंत. मग गावातल्या वाड्यात गोठ्यामागे, जुन्या उकिरड्यावर लावतो. ठिबक नाही, पण हौदाचं पाणी रोज देता येईल. जिजी, लुगडं आईकडून मागून ठेवलं, कशासाठी ते अजून सांगितलेलं नाही. वजनाला कापसाचा काटा आहेच.