मदत हवी आहे: ११ हजार चाललेली होंडा एस२०००, दीडपट किंमत द्यावी का? (तातडीचं)

वेगविहंग
होंडा एस२००० (दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार) बघून आलो. रनिंग फक्त ११ हजार, रंग चंदेरी, आतून कोरी करकरीत. अशाच गाड्यांचा जो भाव चालू आहे त्याच्या दीडपट विकणारा मागतोय. म्हणतो अशी गाडी पुन्हा मिळणार नाही आणि भाव वाढतच जाणार. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. दीडपट योग्य की नाही, एवढंच सांगा. "त्यात नवी गाडी येईल" हे सल्ले कृपया नकोत.

इंजिनघर
साल कोणतं? ११ हजार किलोमीटर की मैल? कुठल्या बाजारासाठी बनलेली? किती वर्षं उभी होती? सर्व्हिसचे कागद आहेत का? यातलं काहीच न सांगता किंमत विचारताय. एस२००० १९९९ ते २००९ बनली. सुरुवातीच्या एपी१ मध्ये (हा पहिल्या गाड्यांचा कंपनीचा कोड) १९९७ सीसीचं एफ२०सी इंजिन, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं. नंतर २१५७ सीसीचं इंजिन आलं. जमवणाऱ्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

वेगविहंग
साल २०००. उजव्या हाताचं स्टिअरिंग. मीटरवर ११ हजार आणि बाजूला एमपीएच (ताशी मैल) लिहिलंय, म्हणजे मैलच असणार. कागदांचं विचारलं नाही, गाडी बघूनच कळतं की जपलेली आहे. किमतीबद्दल कोणी बोलेल का?

रबर_आणि_गंज
बघून फक्त धुतलेली आहे एवढंच कळतं. कमी रनिंग म्हणजे कमी झीज, कमी वय नव्हे. उभ्या गाडीत एसी कॉम्प्रेसरचं सील सुकतं, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, कॅलिपरचे पिस्टन अडकतात, टाकीतलं पेट्रोल आंबून इंजेक्टरवर राळ बसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ते चालवा न चालवा, दोन वर्षांनी बदलायचंच. या सगळ्याचा खर्च दीडपट किमतीतून वजा करा, मग बोला.

टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे आकडे बघून या. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. तो शोभेला ठेवा, त्यावर गाडी चालवू नका.

सहा_गिअर
एवढ्या पैशात पोर्श ९११ ची ९९६ पिढी घ्या. खरी स्पोर्ट्स कार तीच, आणि भावही अजून आवाक्यात आहे.

इंजिनघर
@सहा_गिअर, ९९६ कोणी विचारली? आणि साध्या ९९६ च्या एम९६ इंजिनात आयएमएस बेअरिंगचा (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) घोळ आहे, तो कोण निस्तरणार?

सहा_गिअर
९९६ च्याच टर्बो आणि जीटी३ मध्ये मेझगर हे वेगळं इंजिन आहे, त्यात तो घोळ नाही. अर्धवट माहितीवर अख्खी ९९६ बदनाम करू नका.

मीटर_मास्तर
मंडळी, मूळ प्रश्नावर या. @वेगविहंग, दोन गोष्टी बघून सांगा. चेसिस नंबर जेएचएम ने सुरू होणारा १७ अक्षरांचा आहे, की एपी१- आणि पुढे आकडे असा आखूड? आणि दुमडत्या टपाची मागची खिडकी काचेची आहे की प्लास्टिकची?

वेगविहंग
आत्ता फोटो मागवून बघितले. चेसिस नंबर आखूड आहे, एपी१-१०… असा. मागे काच आहे, अगदी स्वच्छ, गरम करायच्या तारापण दिसतात. टायरवर शेवटी ३२१९. यावरून काय?

मीटर_मास्तर
यावरून बरंच काही.

पहिलं म्हणजे, सुरुवातीच्या एस२००० ला प्लास्टिकची खिडकी होती, काच नंतर आली. २००० च्या गाडीत काच म्हणजे टप बदललेला आहे. वापरायला काच केव्हाही बरी, पण "सगळं कंपनीचंच" या बोलीवर दीडपट मागत असेल तर ती बोली इथेच मोडली.

टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातले. ते वयामुळे बदलले असतील, त्यावरून रनिंगबद्दल काहीच ठरत नाही.

गोम तिसऱ्या गोष्टीत आहे. आखूड नंबर म्हणजे गाडी जपानच्या बाजारासाठी बनलेली, आणि तिथल्या गाडीचं मीटर किलोमीटरचं. तुमच्या मीटरवर मैल दिसतात. हे दोनच प्रकारे होतं. एकतर मूळ मीटर ठेवून मध्ये किलोमीटरचे मैल करणारी चिप टाकली. मग चिप बसेपर्यंतचा आकडा किलोमीटरचा आणि नंतरचा मैलांचा, सगळं एकाच बेरजेत. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही, खरं रनिंग ११ हजार किमी आणि ११ हजार मैल, म्हणजे साधारण १७,७०० किमी, यांच्या मधलं असेल. नाहीतर अख्खं मीटरच दुसऱ्या गाडीचं बसवलं. मग त्या ११ हजारांत दुसऱ्या गाडीचं रनिंग आलं.

एमपीएच हे अक्षर वरून चिकटवलेलं आहे की आतून उजळतं?

वेगविहंग
व्हिडिओत आतून उजळताना दिसतंय. स्टिकर वाटत नाही.

मीटर_मास्तर
मग मीटर बदललेलं धरूनच चाला. विकणाऱ्याकडून जपानच्या लिलावाची शीट (लिलावाआधीच्या तपासणीचा कागद) आणि निर्यातीचा दाखला मागा. दोन्हींवर त्या वेळचं रनिंग असतं. शीटवर ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर गाडी ठोकून दुरुस्त केलेली. कागद नसतील तर "रनिंग अज्ञात" म्हणूनच किंमत करायची, ११ हजारासाठी जास्तीचा एक पैसाही नाही.

टपावेगळा
टप कापडी असेल तर त्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो. कापडासाठीचं वेगळं मिळतं, ते दोन हात लावायचं, पहिला वाळल्यावर दुसरा. आणि थंडीत प्लास्टिकची खिडकी असताना टप एका दमात दुमडू नका, तडकते.

रबर_आणि_गंज
@टपावेगळा, त्यांच्या गाडीला काच आहे हो.

मीटरवर विश्वास नसेल तर गाडीलाच विचारा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं चामडं आणि क्लचचं पेडल, या तिन्हींची झीज एकमेकांशी जुळली पाहिजे. सीट कोरी आणि पेडल गुळगुळीत असेल तर सीट नव्याने मढवली आहे. ब्रेक डिस्क मूळच्या असतील तर कडेला बोट फिरवा. एवढ्या कमी रनिंगला काठ जेमतेम जाणवतो, नखाला ठसठशीत अडत असेल तर आकडा खोटा. नाकाडावर खडी लागून उडालेले टिपके नसतील तर तेवढा भाग पुन्हा रंगवला आहे का ते बघा.

रंगाची जाडी मोजताना एक लक्षात ठेवा, एस२००० चं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. फक्त लोखंडावर चालणारं यंत्र तिथे काहीच दाखवत नाही आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. दोन्ही धातूंवर चालणारं न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला तर पुन्हा मारलेला, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी.

इंजिनघर
इंजिनाचं राहिलं. एपी१ मध्ये तीन जागा बघायच्या. थंड इंजिन सुरू केल्यावर पुढच्या बाजूने सायकलच्या आऱ्यांना पुठ्ठा घासल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) गेला. तो बदलता येतो, भाव पाडायला उपयोगी. दुसरं, सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनवर तेल उडवणाऱ्या जेटच्या बँजो बोल्टना (तेल आतून जाणारे पोकळ बोल्ट) दोन भोकं होती, पुढे चार केली. बदलल्याचा कागद आहे का ते विचारा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉल्व्ह रिटेनर, म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग धरणारी चकती. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला की इंजिन ९००० च्या कितीतरी वर फिरतं आणि रिटेनरला तडा जातो. गाडी त्यानंतरही महिनोन्महिने छान चालते, मग एक दिवस व्हॉल्व्ह आत पडतो. व्हॉल्व्ह कव्हर काढून टॉर्चने सोळाही रिटेनर बघायचे. एखाद्यातली कॉटर (व्हॉल्व्हला पकडणारी छोटी पाचर) शेजारच्यांपेक्षा खोल बसलेली दिसली तर तो गेला. सोबत लीक-डाउन चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते बघा. चारही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत हवेत, २० च्या वर असेल तर घेऊ नका. या सिलिंडरचे बोअर फायबर मिसळलेल्या धातूचे आहेत, नेहमीच्या पद्धतीने बोअर वाढवून मोकळं होता येत नाही.

आणि खूप दिवस उभी असेल तर विकणाऱ्याला आधीच गरम करून ठेवू देऊ नका. बॉनेटवर हात ठेवून थंड असल्याची खात्री करा, मगच चावी.

सहा_गिअर
समजा सगळं खरं निघालं, तरी ११ हजारची गाडी घेऊन करणार काय? चालवली की जास्तीचे पैसे किलोमीटरागणिक उडाले. साठ हजारची घ्या आणि मनसोक्त पळवा, ती सत्तर झाली तरी भाव फारसा हलत नाही.

मीटर_मास्तर
हे मात्र पटलं. जमवायचीच असेल तर २००८-०९ ची, फक्त अमेरिकेत विकलेली एस२००० ची सीआर आवृत्ती. तिला दुमडता टपच नाही, ॲल्युमिनियमचा कडक टप येतो. साध्या २००० च्या चंदेरी गाडीला जास्त भाव मिळतो तो कागदांसकट मूळ स्थितीमुळे, आणि इथे टप व मीटर दोन्ही बदललेले.

वेगविहंग
विकणाऱ्याला विचारलं. म्हणाला लिलावाची शीट "शोधतो", मीटर आधीच्या मालकाने बदललं असेल, जुनं मीटर नाही. किंमत मात्र लगेच थोडी खाली आणली. मला गाडी चालवायचीच आहे. रनिंग अज्ञात धरून साध्या भावाला मागतो, तेही व्हॉल्व्ह कव्हर उघडू दिलं तर. कव्हर काढल्यावर गॅस्केट नवीन लागेल का?

इंजिनघर
हो, कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची चार सीलं नवीन घेऊनच जा, जुनी रबरं कडक झालेली असणार. परत बसवताना कोपऱ्यांवर सीलंटचा बारीक ठिपका द्या. आणि कव्हर निघालंच आहे तर चौथ्या सिलिंडरचा प्लग सैल आहे का तेही बघा, या इंजिनात तोच हळूहळू सुटतो.