१४ महिन्यांच्या बाळासोबत लांबचा विमानप्रवास: केबिन बॅग कशी भरावी?

कोवळंऊन:
मुलगी १४ महिन्यांची आहे. आधी अडीच तासांचं विमान, मग चार तास थांबा आणि पुढे नऊ तासांचं दुसरं विमान. वेगळी सीट घेतलेली नाही, मांडीवरच बसणार. पावडरचं दूध दिवसातून दोन-तीनदा, बाकी सगळं खाते. वस्तूंची यादी तयार आहे, पण ती बॅगेत कशी भरायची ते सुचत नाहीये. उतरताना कान दुखतात म्हणतात, त्याचं काय करायचं? आणि स्ट्रोलर न्यावा का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

वाटसरू७:
खाऊ एका कप्प्यात, कपडे दुसऱ्यात अशी बॅग भरू नका. वस्तू कुठे लागणार त्यावरून भरा. मांडीवर मूल असताना एक हात अडकलेला असतो, आणि उरलेल्या हाताने जे निघेल तेच उपयोगी.

सगळ्यात महत्त्वाची ती टॉयलेटची छोटी पिशवी. विमानाच्या टॉयलेटमध्ये बाळ बदलायची फळी भिंतीतून कमोडवर उघडते. त्यावर जेमतेम बाळ मावतं, मोठी बॅग ठेवायला जागाच नसते. म्हणून पिशवीत फक्त १ डायपर, ८-१० वाइप्स, घडीची पातळ चटई, क्रीमची लहान ट्यूब आणि तोंड बांधता येतील अशा २ प्लास्टिकच्या पिशव्या. जागेवर परत आलात की लगेच पुढचा डायपर भरून ठेवा. ही फळी प्रत्येक टॉयलेटमध्ये असतेच असं नाही. कुठल्यात आहे ते चढल्या चढल्या क्रूला विचारून घ्या.

एकूण डायपर दर दोन तासांना एक, वर चार जादा. घरातून निघाल्यापासून तुमचे साधारण २० तास धरले तर १४ होतात.

कपड्यांचे दोन जोड, प्रत्येक जोड पूर्ण (अंगातलं, पँट, मोजे) एकेका झिपच्या पिशवीत. ओले कपडे त्याच पिशवीत परत जातात. तुमचाही एक टी-शर्ट वर ठेवा. मूल उलटी करतं ते बहुधा आपल्या अंगावर, आणि हे लोक हमखास विसरतात.

खेळणी एका वेळी एकच बाहेर काढा. चेंडू, चाकांच्या गाड्या नकोत, सीटखाली गेल्या की गेल्या. स्टिकर आणि कागदी चिकटपट्टीचा लहान रोल यात या वयाची मुलं बराच वेळ रमतात.

दवबिंदू:
कानांबद्दल. विमानातला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. वर चढताना मधल्या कानातली जादा हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना उलटं होतं: बाहेरचा दाब वाढतो, आणि कानातून घशाकडे जाणारी नळी, जी लहान मुलांत मुळातच अरुंद असते, दाबली जाते. गिळलं की ती उघडते. म्हणून उतरताना गिळायला लावायचं, एवढाच उपाय.

चुकतं कुठे, तर वेळेत. विमान जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं. पहिल्या घोषणेला अख्खी बाटली दिली की ती दहा मिनिटांत संपते आणि खरा त्रास नंतर होतो. घोट घोट, मध्ये थांबत, चाकं टेकेपर्यंत पुरवा. बाळाला जरा उभं धरून पाजा. चोखणी घेत असेल तर तीही चालते. झोपेत गिळणं कमी होतं, त्यामुळे झोपली असेल तर तेव्हा हळूच उठवा.

सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल तर निघण्याआधी कान डॉक्टरांना दाखवा. झोप यावी म्हणून ॲलर्जीचं औषध मात्र अजिबात देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त चिडचिडी होतात, आणि श्वासाचाही धोका असतो.

याच दाबामुळे स्ट्रॉच्या कपातून दूध उडतं. जमिनीवर बंद केलेल्या कपातली हवा वर गेल्यावर फुगते आणि दूध नळीतून बाहेर ढकलते. देण्याआधी कप सरळ धरा, झाकण अर्धा फेरा सैल करा, हवा निघाली की घट्ट लावा आणि मगच नळी उघडा. फळांच्या गराचं पाऊचही नॅपकिनवर धरूनच उघडा.

कोवळंऊन:
कपाचं माहीतच नव्हतं, धन्यवाद! दूध घरूनच कालवून नेलं तर चालेल का? आणि तपासणीत पाणी काढून घेतात का?

दवबिंदू:
कालवून नेऊ नका. तयार दूध बाहेर राहिलं तर दोन तासांत संपवायला हवं, आणि बाळाने तोंड लावलं की एका तासात. एका वेळची पावडर मोजून एकेका कोरड्या डबीत भरा. विमान उशिरा सुटू शकतं, तेव्हा दोन डब्या जादा. पावडर किमान ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवून मग निववायची, त्यामुळे थर्मास चांगला हवा. क्रू गरम पाणी देतो, पण ते बहुधा विमानाच्या टाकीतलं असतं. बाटलीबंद पाणी तापवून मिळेल का ते विचारा.

१०० मिलीच्या नियमातून बाळाचं दूध, पाणी आणि खाणं बहुतेक ठिकाणी वगळतात, प्रवासाला लागेल तेवढंच. पण तपशील विमानतळागणिक बदलतो. या वस्तू वेगळ्या काढून ट्रेमध्ये ठेवा आणि आधीच सांगा. मधल्या थांब्यावर पुन्हा तपासणी होऊ शकते, हे धरून चाला.

पंखपिसारा:
बॅसिनेटवर, म्हणजे पुढच्या भिंतीला अडकवायच्या बाळाच्या पाळण्यावर, भिस्त ठेवू नका. वजनाची मर्यादा विमान कंपनीनुसार वेगळी, बऱ्याच ठिकाणी १०-११ किलोच्या आसपास. १४ महिन्यांचं मूल तिथे काठावर असतं. शिवाय बेल्टची खूण लागली की झोपलेल्या बाळाला उचलावंच लागतं. त्या रांगेत पुढे सीट नसल्याने उड्डाण आणि उतरताना पायाशी बॅगही ठेवता येत नाही, सगळं वरच्या कप्प्यात जातं. बाटली, चोखणी, एक खेळणं खिशात ठेवा.

तुमचा बेल्ट दोघांभोवती मिळून कधीही लावू नका. झटका बसला तर मोठ्या माणसाचा पूर्ण भार बाळावर येतो. अनेक कंपन्या तुमच्या बेल्टमध्ये ओवायचा लहान बेल्ट देतात, तो मागा. ऑक्सिजनचा जादा मास्क सीटच्या एका गटात बहुधा एकच असतो, म्हणून मांडीवरची दोन बाळं एका गटात बसवत नाहीत.

स्ट्रोलर जरूर न्या. बहुधा विमानाच्या दारापर्यंत नेता येतो. पण टॅग लावताना विचारा: मधल्या थांब्यावर दाराशीच मिळेल की शेवटच्या मुक्कामी सामानात? दुसरं असेल तर चार तास कडेवर, म्हणून अंगावर बांधायचं कॅरियर सोबत ठेवा. कपहोल्डर, खेळण्यांची दांडी आधीच काढून घ्या, या गोष्टी हरवतात.

वाटसरू७:
थोडं राहिलं. बाळाचं नाव मांडीवरच्या तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच हवं. एकच पालक जाणार असाल तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा. तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या आणि बाटली केबिन बॅगेतच ठेवा. पॉवर बँकही केबिनमध्येच, चेक-इन सामानात चालत नाही.