कागदावर 'अकुशल': तुमचे अनुभव सांगा

वाटसरू: घराचं काम चालू आहे. ठेकेदाराच्या वहीत गवंडी 'कुशल', बिगारी 'अकुशल'. वाचलं आणि वडील आठवले. वर्कशॉपमध्ये हेल्पर, रिटायर होईपर्यंत अकुशल. लेथचा आवाज जरा बदलला की टूलची धार गेली हे ऑपरेटरच्या आधी ते सांगायचे. किमान वेतनाचे दर याच खान्यांवर ठरतात: कुशल, अर्धकुशल, अकुशल. खाना चुकला की माणसाचा पगार जन्मभर चुकतो. तुमच्या घरातलं, ओळखीतलं लिहा.

रानजाई: आई आयाबाई होती. पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ लाल दिसली की लगेच सिस्टरला सांगायचं. तिच्या वॉर्डात कुणाला बेडसोअर झालेला तिला खपायचाच नाही. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

गवंडीदादा: मी स्वतः बिगारी होतो आधी. सिमेंट-वाळूचं प्रमाण भिंतीच्या गिलाव्याला 1:6, छताला 1:4. प्रमाण कुणीही पाठ करेल हो, पण पाणी? वाळू ओली आहे का कोरडी ते मुठीत दाबून कळतं. माल पातळ झाला की भिंतीवरून ओघळतो आणि शिव्या बिगाऱ्याला.

माणदेशी: 72 च्या दुष्काळात आजी पाझर तलावावर होती. मजुरी मापावर, मुरमाचा दर वेगळा, खडकाचा वेगळा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण खड्ड्याचं माप मुकादमाबरोबर स्वतः उभी राहून घ्यायची. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. आजी असती तर खूप बोलली असती यावर.

रानजाई: @माणदेशी वाचून डोळे भरले. आजींना नमस्कार.

पेठेतला: पोत्यांची थप्पी बघा कधी. एक थर उभा, एक आडवा, नाहीतर कोसळते. हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आला, मुंबईत अण्णासाहेब पाटील लढले. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत. आमचे चुलते अजून अभिमानाने सांगतात.

टर्नर_चाकण: पुतण्याचा आयटीआय फिटर झालाय. अप्रेंटिसशिप कुठे चालू आहे का कुणाकडे?

वाटसरू: @टर्नर_चाकण व्यनि (खासगी निरोप) करा, भाच्याच्या कंपनीत विचारतो.

गवंडीदादा: नाशिककर कुणी आहे का, फरशीवाला चांगला सुचवा.