अनुभव धागा: पाचवीचा आदिमानव प्रकल्प

पाचवीच्या परिसर अभ्यासात अश्मयुग आलं की घरोघरी थर्माकोलच्या गुहा उभ्या राहतात. विकतचा चार्ट सोडून मुलांनी स्वतःच्या हाताने काही केलं असेल तर इथे लिहा. फसलेलं असेल तर ते आधी लिहा.

शिक्षक, जुन्नर तालुका
आमच्याकडे कुकडी नदीकाठी बोरी गावाला ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. एवढं जवळ असताना कागदी कुऱ्हाडी कशाला? मुलांनी आधी काळा दगड आणला, तो काही धड फुटेना. मग नदीतल्या गारगोट्या घेतल्या. फोडायचं काम मोठ्यांचं. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर गोणपाट, खाली ताडपत्री. मुलं लांब बसून बघणार आणि नंतर छिलके निवडणार. एका पालकांनी सगळा जोर लावला तर नुसता चुरा झाला. दुसरे गवंडीकाम करतात, त्यांनी कडेला तिरपा घाव घातला आणि पातळ, लांब छिलका सुटला. त्याने टोमॅटो चिरून दाखवल्यावर वर्ग गप्प! ताडपत्री झटकू नका, घडी घालून उचला. कपच्या पायात घुसतात.

पालक, ठाणे
आमच्या गुहेत आदिमानवाशेजारी डायनासोर होता. दुकानदाराने संचातच दिलेला. मुलगा काढू देईना. शेवटी दोरी घेतली, टोक म्हणजे आज, तिथून मागे एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षं. सगळ्यांत जुनी माहीत असलेली दगडी हत्यारं ३३ सेंटिमीटरवर आली. शेवटचे डायनासोर ६.६ मीटरवर, म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या दारात.

माजी विद्यार्थिनी, राजापूर
कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात मासे, प्राणी अशी कितीतरी चित्रं कोरलेली. बाईंनी तो मैदानावर फक्कीने तेवढाच काढायला लावला. वहीतल्या चित्रावर चौकटी आखल्या, मैदानावर दोऱ्या ताणल्या. तरी सोंड आधी कंपाउंडबाहेर जात होती. आत उभं राहिलं की नुसत्या रेघा, गच्चीवर गेल्यावर हत्ती. मग खरा प्रश्न पडला: सड्यावर गच्ची नव्हती, तर त्यांनी माप कसं धरलं? बाईंनाही सांगता आलं नाही, आणि तसं त्या म्हणाल्या, हे मला फार आवडलं.

चित्रकला शिक्षक
मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांसारखे हाताचे ठसे करायचे तर पोस्टर कलर नको, गेरू घ्या. नुसत्या पाण्यातला गेरू वाळला की हाताला लागतो, थोडा डिंक घाला. टेकवलेल्या हाताभोवती रंग फुंकून उडवायला पपईच्या पानाचा पोकळ देठ चालतो. शर्ट जुना हवा.

शिक्षिका, पालघर जिल्हा
थोडा कडू अनुभव. स्नेहसंमेलनात मुलांना काळं फासून, पानं गुंडाळून ‘आदिमानव’ नाचवायचं ठरत होतं. आमची निम्मी मुलं वारली. कुणाकडे बघून हा वेष सुचला, हे वेगळं सांगायला नको. मी तो कार्यक्रम होऊ दिला नाही. त्याऐवजी एका मुलाच्या आजींना बोलावलं, ‘आदिमानवाचं खाणं’ वगैरे न म्हणता. कडू कंद चिरून, राख घालून उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा कसा करतात ते त्यांनी दाखवलं. एकाने विचारलं, हे पहिल्यांदा करून बघताना कुणी आजारी पडलं असेल का? आजी म्हणाल्या, पडलं असणारच की!

जुन्नरवाले, पुन्हा
ठाणेकर, दोरीची कल्पना उचलतोय. आमचा व्हरांडा पुरेल.