रोमन मूर्ती म्हणजे नुसती नक्कल?

कोरडा_ओढा: "रोमनांकडे स्वतःचं काही नव्हतं, ग्रीक देव संगमरवरात छापले," असं काल इथे एकाने ठोकून दिलंय. डोकं उठलं. नेपल्सच्या म्युझियममधला फार्नेसे हर्क्युलिस, म्हणजे ग्रीक पुराणातल्या महाबली वीराचा पुतळा, पाहिलात? रोममध्ये कॅराकल्ला सम्राटाच्या स्नानगृहात सापडलेला, ३ मीटरहून उंच. समोरून नुसता दमलेला पैलवान. मागे गेलं की पाठीशी धरलेल्या हातात सफरचंदं दिसतात; ती सोन्याची सफरचंदं आणणं हीच त्याची कामगिरी, म्हणजे ती फत्ते! रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये तर कॉमोडस सम्राटच हर्क्युलिसची खूण असलेलं सिंहाचं कातडं पांघरून हर्क्युलिस झालाय. प्रिमा पोर्ताला सापडलेल्या ऑगस्टस सम्राटाच्या पुतळ्याच्या पायाशी क्यूपिड, व्हीनस देवीचा मुलगा, कारण सम्राटाचं घराणं स्वतःला व्हीनसचं म्हणवायचं. पुराणातले देव राजकारणाला असे जुंपणं ही नक्कल?

चिकित्सक: तो काल लिहिणारा मीच. हर्क्युलिसची मूळ कल्पना ग्रीक शिल्पकार लिसिपसची, आणि या पुतळ्यावर सही अथेन्सच्या शिल्पकार ग्लायकॉनची. रोमन कोण, बिल भरणारा?

वाकडी_वाट: अवांतर: हातपाय तरी मूळचे असतात का? सापांनी विळखा घातलेल्या पुजाऱ्याचा, लाओकूनचा, पुतळा १५०६ साली रोममध्ये सापडला तेव्हा उजवा हात गायब. शिल्पकार मोंतोर्सोलीने ताठ वर गेलेला जोडला. पुढे पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममध्येच खरा सापडला, तो कोपरात दुमडलेला! १९५०च्या दशकाअखेर बसवला. चारशे वर्षं लोक भलत्याच हातावर फिदा.

माहेरवाशीण: हात सोडा. आमच्या ग्रामदेवीला ट्रस्टींनी वज्रलेप करवला. आजी गाभाऱ्यातून बाहेर येऊन म्हणाली, "ही आपली नव्हे." जुन्या मूर्तींना हात लावणाऱ्यांना आधी दंड करा.

वाकडी_वाट: ताई, झीज झालीच नसती तर कोणी लेप केला असता? दुधातुपाचे अभिषेक कोण करतं?

माहेरवाशीण: म्हणजे दोष आमच्या आजीचा? शोभतं का हे बोलणं?

वाकडी_वाट: आजींना मध्ये तुम्हीच आणलंत.

कोरडा_ओढा: अहो, धागा रोमचा आहे! पूजेतली मूर्ती आणि म्युझियममधली मूर्ती एका तागडीत कशाला? हर्क्युलिसलाही शिल्पकार डेला पोर्ताने नवे पाय बसवले होते. मूळचे सापडले तरी कितीतरी वर्षं नवेच ठेवले, इतके आवडले.

चिकित्सक: घ्या! नक्कल, तीही दुसऱ्याच्या पायांवर.

कोरडा_ओढा: आणि कॉमोडस? तो कुठल्या ग्रीकाची कॉपी? मघापासून टाळताय.

चिकित्सक: बरं बाबा, कॉमोडस रोमन. देवाचा वेष करून मिरवणारा पुढारी ग्रीकांना सुचला नाही असं मात्र समजू नका. अलेक्झांडरची नाणी बघा, तेच सिंहाचं कातडं.