‘पेशी वाढते’ म्हणजे नक्की काय होतं?

परळवाली
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फलक मराठीत करतेय. लिहिलं, ‘जीवाणूची पेशी वाढते आणि दुभंगते.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘दुभंगते’वर काट मारली: जमीन दुभंगते, मन दुभंगतं, धडधाकट पेशी नाही. ‘द्विविभाजन होते’ लिही म्हणाल्या. सातवीतल्या पोराच्या डोळ्यांपुढे त्यानं काय उभं राहणार?

सूक्ष्मदर्शी
बाईंचं बरोबर आहे. ई. कोलाय हा जीवाणू घ्या. दोनेक मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशाची कांडी, जाडी तेवढीच ठेवून लांब होत जाते. मधोमध एफटीएसझेड प्रथिनाचं कडं बसतं आणि तिथे नवी भिंत आत आत बांधली जाते. चाळीतल्या खोलीत पार्टिशन घालून दोन बिऱ्हाडं करतात तसं. फुटत काहीच नाही.
खरी अडचण ‘वाढते’ची आहे. प्रयोगशाळेत आम्ही ‘वाढ’ म्हणतो ती बहुतेक वेळा संख्येची.

गिरगावकर
मग ‘वाढते’ एवढंच ठेवा! नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. काचेची बांगडी पिचली की आजी म्हणायची, ‘वाढवली गं.’ एकाचे दोन होतात म्हणूनच ‘वाढणे’.

पदकोश
ही व्युत्पत्ती नव्हे, हौस आहे. ‘वाढ’ संस्कृत ‘वृध्’वरून, प्राकृतातल्या ‘वड्ढ’मधून आली. ‘फुटली’ हे अशुभ तोंडी येऊ नये म्हणून ‘वाढवली’. मंगळसूत्रही ‘वाढतं’, त्याची दोन होतात का? ‘द्विविभाजन’ पाठ्यपुस्तकात रुळलंय, तेच ठेवा.

गिरगावकर
रुळलंय ते परीक्षेच्या पेपरात. घरात कोण बोलतं?

लोकलवारी
विभागून झालेल्या दोघींना ‘कन्या पेशी’ म्हणतात, मला तो शब्द जास्त खुपतो. आई मागे उरतच नाही, तीच दोन होते. दोघींना एक टोक जुनं, एक नवं. ‘जुळ्या’ का म्हणू नये?

सूक्ष्मदर्शी
जुळ्यांना आई असते. शिवाय दोघी अगदी सारख्या लांबीच्या नसतात. गंमत म्हणजे आखूड जन्मो की लांब, ई. कोलाय विभागण्याआधी साधारण तेवढीच लांबी अंगावर चढवते. त्यामुळे काही पिढ्यांत फरक मिटत जातो.

परळवाली
फलकावर चारच शब्दांची जागा आहे, उद्या छपाई. ‘पेशी लांबते, मधोमध भिंत घालते’ बसत नाही. ‘दुणावते’ चालेल? चांगलं पोषण आणि ३७ अंश मिळाले तर २० मिनिटांत दुणावतेच की.

पदकोश
दुणावतो तो आनंद.

गिरगावकर
आमच्या आजीचं दुखणंही दुणावायचं. आणि नारळाचं मला अजून पटलेलं नाही.