पॅन्झर कॉर्प्स: शहर आलं की टँक संपतात, काय करू?

अडीचघरं:
मंडळी, पॅन्झर कॉर्प्स हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम (२०११ चा, दुसरा भाग नव्हे) सेलमध्ये स्वस्तात मिळाला. १९३९ च्या पोलंडपासून मोहीम सुरू केली आहे. मोकळ्या मैदानात धमाल येते, पण शहर आलं की दहा ताकदीचा टँक बघता बघता चारवर. सगळीकडे वाचतो, 'संयम ठेवा'. ठेवतो हो, पण टर्न (चाली) मोजून दिलेत! हातावर हात ठेवून बसलो तर ते संपणार. नेमकं करायचं काय?

बिनधास्त_नगरकर:
लेव्हल सार्जंट (सगळ्यात सोपी) करा आणि खेळा. सुटलात.

रात्रपाळी:
नगरकर, तेवढ्याने पोलंड निघेल, पुढे फ्रान्समध्ये परत हीच रड.

अडीचघरं, टँक शहरात घालूच नका. शहर आणि जंगल ही पायदळाची जागा. तिथे टँक फार मार खातो. त्याला बाजूने काढा आणि पुढच्या रस्त्यावर न्या.

आता थांबायचं कशासाठी, तर तोफांसाठी. ट्रकने ओढून आणलेली तोफ त्याच टर्नला डागता येत नाही. म्हणजे एक टर्न आणण्यात जाणारच. तेवढ्यात पायदळ शहराला भिडवायची घाई करू नका. एक तुकडी जवळच्या जंगलात बसवा आणि तोफ तिला चिकटून मागच्या हेक्सवर (नकाशावरच्या षटकोनी घरावर). समोरचा कॉम्प्युटर भारी उतावीळ असतो, बरेचदा खंदक सोडून तुमच्यावर चालून येतो. त्याचा हल्ला लागण्याआधी शेजारची तोफ त्याला भाजते. पोलिश घोडदळ असं उघड्यावर आलं की मग तुमचे टँक आहेतच.

नाहीच आला बाहेर, तर पुढच्या टर्नला आधी तोफा, मग स्टुका (बॉम्बफेकी विमानं), पायदळ सगळ्यात शेवटी. तोफेने माणसं मरतात कमी, दबतात जास्त, आणि दबलेले उलट मारत नाहीत. पण तो दाब त्याच टर्नपुरता! आज तोफा डागून उद्या हल्ला करणारे लोक पाहिलेत मी, दारूगोळा फुकट. दर हल्ल्यागणिक खंदकाचा आकडा उतरतो, तोही बघत चला. आणि क्लिक करण्याआधी माउस शत्रूवर नुसता धरा, दोन्हीकडची अंदाजे हानी दिसते. तुमचा आकडा मोठा असेल तर सरळ हात आवरा.

अडीचघरं:
हे पटलं. पण दादा, टर्नचं गणित?

रात्रपाळी:
शेवटच्या शहरापासून उलटं मोजा. पायदळाला तिथवर किती टर्न लागतील ते काढा, उरतील ते तुमचे, त्यात थांबा. वाटेतलं प्रत्येक गाव घ्यायलाच हवं असंही नाही. उद्दिष्ट नसेल तर वळसा मारा.

कोकणी_माणूस:
एक भर घालतो. तुकडी चारवर आली की मागे घ्या आणि प्रेस्टिज (गेममधले पैसे) परवडत असेल तर एलिट, म्हणजे अनुभवी सैनिकांची भरती करा. साधी भरती स्वस्त, पण नवी पोरं आली की कमावलेला अनुभव पातळ होतो. आणि हवामान बघा. पावसात स्टुका हल्ला करू शकत नाहीत, त्या दिवशी शहराच्या नादी लागू नका.

अडीचघरं:
आत्ताच वॉर्सासमोर पाऊस सुरू झालाय. तोफा ट्रकमधून उतरवून बसलोय, घोडदळाची वाट बघत.

बिनधास्त_नगरकर:
सार्जंटवर एव्हाना वॉर्सा घेऊन जेवायला बसला असतात.